मदत हवी आहे: ही डॅफ्निया की सिमोसेफॅलस?

मंडळी, गोड्या पाण्यातल्या एका पाणपिसूपाशी (डॅफ्निया आणि सिमोसेफॅलस हे या बारीक कवचधारी जिवांचेच दोन प्रकार) घोडं अडलंय. फोटोत नेमकं हवं तेच धूसर येतंय, म्हणून जे दिसतं ते शब्दांतच सांगतो.

आकार दोन-अडीच मिलिमीटर. डॅफ्निया समजूनच काचेवर घेतली, पण वागणं डॅफ्नियाचं वाटेना. डॅफ्निया मोकळ्या पाण्यात शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) हाणत टुणटुण वरखाली करत असते. ही बया पाणवनस्पतीच्या पानाला चिकटून उताणी पडून राहते. हुसकावलं तर पाठीवरच थोडं पोहते आणि दुसरं पान गाठते.

सूक्ष्मदर्शकाखाली 40 पटीत आडवी पाहिली. दोन शकलांचं पारदर्शक कवच, डोकं कवचाबाहेर. डोक्यात एकच मोठा काळा संयुक्त डोळा, आणि त्याच्या खाली, डोक्याच्या चोचीसारख्या टोकाच्या बाजूला, नेत्रक, म्हणजे छोटा साधा डोळा. डॅफ्नियात हा नेत्रक मी बारीक ठिपक्याएवढा पाहिलाय, इथे तो चांगला लांबट, ओढून काढल्यासारखा आहे. पोहण्याच्या दुसऱ्या शृंगिका दुफाटी आहेत. एका फाट्याला चार पेरं, दुसऱ्याला तीन. पहिल्या शृंगिका आखूड, चोचीखाली दडलेल्या. पाठीकडे धडधडणारं हृदय आणि त्याच्या मागे पिशवीत गर्भ. त्यातल्या दोघांचे डोळेसुद्धा दिसू लागलेत! आतड्याच्या सुरुवातीला दोन लहान आंधळ्या पिशव्या आहेत, त्यामुळे मोइना (तशा पिशव्या नसलेली दुसरी पाणपिसू) बाद.

आता घोळ कुठे आहे ते सांगतो. कवचाच्या मागच्या टोकाला काटा नाही, कोपरा बोथट आहे. पण डॅफ्निया मॅग्नातही वय वाढेल तसा काटा आखूड होतो, शिवाय हाताळताना मोडूही शकतो. म्हणजे नुसता काटा नाही एवढ्यावर निकाल देता येत नाही. दुसरं, मागच्या उदराच्या (पोस्टॲब्डोमेनच्या) कडेला खोलगट बाक आहे, आणि तसा बाक मॅग्नातही असतो. इथेच अडलोय. प्रजाती (जीनस) कोणती म्हणायची, आणि जातीपर्यंत जायचं तर आणखी काय बघू?

— गढूळपाणी

भिंगवाला: वर्णन झकास. उताणं चिकटणं आणि लांबट नेत्रक, दोन्ही सिमोसेफॅलसकडे बोट दाखवतात. खात्रीसाठी दोन गोष्टी बघा. एक, डोकं आणि धड यांच्यामध्ये पाठीच्या रेषेत खाच आहे का? सिमोसेफॅलसात असते. डॅफ्नियाची पाठ डोक्यावरून सरळ उतरते. दोन, कवचावरची नक्षी. डॅफ्नियाच्या कवचावर चौकोनी जाळी दिसते, सिमोसेफॅलसाच्या कवचावर तिरक्या समांतर रेघा. प्रकाश थोडा कमी करा म्हणजे रेघा उठून दिसतील.

बाकाचं म्हणाल तर दोघांत फरक आहे. मॅग्नात बाकाच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे दातांची रांग चालते. सिमोसेफॅलसात हा भाग रुंद असतो, बाकाच्या आधी ठळक कोपरा असतो आणि दात नखराकडच्या (मागच्या उदराच्या टोकाच्या नखीकडच्या), बाकातल्या भागातच असतात.

शेवाळ: वरच्याशी सहमत. आणखी एक खूण, पण तिला नशीब लागतं. पाणी आटायला लागलं किंवा गर्दी झाली की या माद्या टिकाऊ अंडी घालतात आणि त्यांच्याभोवती पाठीवरचं कवच जाड, गडद होतं. त्याला एफिपियम म्हणतात. डॅफ्नियाच्या एफिपियममध्ये दोन अंडी, सिमोसेफॅलसाच्या एकच. एखादी काळपट पाठीची मादी दिसली तर सोडू नका.

गढूळपाणी: धन्यवाद! खाच आहे. रेघाही आहेत, आणि त्या इतक्या स्पष्ट आहेत की आता दुसरं काही दिसतच नाही. दात फक्त बाकात. म्हणजे सिमोसेफॅलस पक्कं. एफिपियमवाली मात्र एकही नाही, सगळ्या लेकुरवाळ्या. आता जात?

भिंगवाला: त्यासाठी नखर बघायला लागेल. जिवंत नमुन्यात ते सारखं आत-बाहेर होतं, त्यामुळे एक मादी 70 टक्के अल्कोहोलमध्ये घालून मग ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा. दोन बारीक सुयांनी मागचं उदर सोडवून आडवं करा. अख्खा जीव बघायचा असेल तर आच्छादन काचेच्या चारही कोपऱ्यांखाली चिकणमातीचा कण ठेवा, नाहीतर कवच उघडं पडून सगळा आकारच बदलतो.

नखराच्या बुडाशी मोठ्या दातांचा कंगवा असेल तर एक्स्पिनोसस. टोकापर्यंत एकसारखी बारीक लव असेल तर व्हेट्युलसचा गट. कपाळ टोकदार आणि त्यावर बारीक काटे असतील तर तिसरीच, सेर्युलॅटस. तुमच्या वर्णनात कपाळाबद्दल काहीच नाही, तेही बघा.

गढूळपाणी: कपाळ गोल, गुळगुळीत. नखर 400 पटीत पाहिलं, कंगवा नाही, नुसती लव. मग व्हेट्युलस लिहू?

भिंगवाला: माझं ऐकाल तर 'व्हेट्युलस गट' एवढंच लिहा. पूर्वी जगभरातून आलेले असे नमुने सरसकट या एका नावाखाली टाकायचे. नंतर त्यातून जवळच्या वेगळ्या जाती काढल्या गेल्या, आणि त्या मुख्यतः कवचाच्या मागच्या कोपऱ्याच्या ठेवणीवरून ओळखतात. चार-पाच मोठ्या माद्यांचा तो कोपरा कडेने रेखाटून इथे टाका. पिल्लं घेऊ नका, त्यांचा कोपरा अजून घडलेला नसतो.

शेवाळ: आणि नर सापडला तर वेगळा ठेवा. मादीपेक्षा बराच लहान असतो, पिल्लू समजून फेकला जातो.