आमटीत पाणी किती घालायचं?

'चार भाग कसेबसे ढकलले, पुढे काही घडतं का?' असं 'ल्यूक केज'बद्दल कुणीतरी विचारलंय, म्हणून सांगतो. मार्व्हलच्या या सुपरहिरो मालिकेचा (२०१६) पहिला सीझन १३ भागांचा, पण जीव सातव्यापर्यंतच. तिथे खलनायक कॉटनमाउथ मरतो आणि सगळी हवाच जाते. त्या भूमिकेत महेर्शाला अलीसारखा नट हाताशी असताना! मग येणारा दुसरा खलनायक डायमंडबॅक नुसती बायबलमधली वचनं फेकत हिंडतो. ऐवज आठेक भागांचा, बाकी पाणी घालून वाढवलेली आमटी. ल्यूकसह चार सुपरहिरोंची 'डिफेंडर्स' (२०१७) आठ भागांतच उरकली, तरी चौघं एकत्र यायला तिसऱ्या भागाची अखेर उजाडते. 'ल्यूक केज'मधल्या, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या क्लबातलं संगीत मात्र झकास. शेवटचे भाग मी भांडी घासताना नुसते ऐकले, काहीही चुकलं नाही.