आज्जांच्या ट्रंकेत 'कामगार किसान पक्षा'ची पावती सापडली. हा पक्ष शेकापमधनं (शेतकरी कामगार पक्षातनं) का फुटला?

कुंडलचा_नातू

जुनं माळवद उतरवायला काढलंय, म्हणून आज्जांची पत्र्याची ट्रंक खाली घेतली. वर सातबारे, मधी सोसायटीची पासबुकं आणि तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पावती. 'कामगार किसान पक्ष', साल १९५२, आज्जांचं नाव शाईनं लिहिलेलं. रकमेच्या जागेवर कसरीनं खाल्लंय.

आज्जा प्रतिसरकारात (इंग्रजांविरुद्ध साताऱ्याकडं चालवलेल्या समांतर सरकारात) क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मागं होते आणि स्वातंत्र्यानंतर शेकापमध्ये गेले, एवढंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. या पक्षाचं नाव घरात कुणी काढल्याचं आठवत नाही. आज्जी नव्वदीच्या पुढं आहे. विचारलं तर "ऱ्हाऊ दे ते" म्हणाली आणि कूस बदलली. शेकाप तरी त्या वेळी कुठं जुना होता? त्यातनं चार-पाच वर्षांत आणखी एक पक्ष काढायची काय गरज पडली?

येरळाकाठ

पुढं ज्यांना लाल निशाण पक्षवाले म्हणायला लागले, ती हीच मंडळी. आधी एक सांगतो, पावती लॅमिनेट करू नका. माझ्या चुलत्यांनी प्रतिसरकारच्या वेळचा एक कागद केला होता, आता सगळा पिवळा पडून शाई पसरलीय. दोन्ही बाजूंचा स्कॅन काढा आणि सुती कापडात ठेवा.

पलूसचे_गुरुजी

माझे वडील याच पक्षात होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

३ ऑगस्ट १९४७ ला केशवराव जेधे, शंकरराव मोरे आणि त्यांचे सोबती आळंदीत जमले. स्वातंत्र्याला बारा दिवस राहिले होते. काँग्रेस लगेच सोडायची नव्हती, आत राहूनच शेतकरी-कामगारांचा संघ बांधायचा होता. पण आपल्या पोटात दुसरा संघटित पक्ष चालू द्यायचा नाही, असं काँग्रेसनं ठरवलं. १९४८ मध्ये समाजवादीही बाहेर पडले आणि हेही.

मग १९५० ला मालेगावजवळ दाभाडीत शेकापनं मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. तोच दाभाडी प्रबंध. तत्त्व सगळ्यांनी मानलं, पण ते तत्त्व घेऊन गावात उद्या सकाळी काय करायचं, यावर मतं फाटली. वडील किर्लोस्करवाडीत कामाला होते आणि घरी दीड एकर जिराईत. पाळी सुटली की तसेच रानात जायचे. ते सांगायचे, "ज्याच्याकडं रान त्याला लेव्ही टोचती, ज्याच्याकडं नाही त्याला रोजगार टोचतो. मला दोन्ही टोचायचं." लेव्ही म्हणजे सरकारला ठरल्या भावानं सक्तीनं घालायचं धान्य. बैठकीला जमीनवाले जास्त, त्यामुळं लेव्हीवर बोलणं लांबायचं आणि रोजगाराचा विषय निघेस्तोवर कंदिलातलं तेल संपायचं.

नगरचे दत्ता देशमुख वेगळे झाले आणि कामगार किसान पक्ष निघाला; डाव्या विचारांच्या नवजीवन संघटनेतली माणसं त्यांच्यासोबत होती. नावाकडं नीट बघा. जुन्या पक्षात शेतकरी आधी, कामगार नंतर. नव्या पक्षात कामगार आधी, किसान नंतर. वडिलांसाठी भांडणाचं मूळ त्या शब्दांच्या क्रमात होतं. त्यांना कुणी फुटीर म्हटलं की ते जेवणावरनं उठायचे, आणि मलाही तो शब्द आजही सहन होत नाही. त्यांना ना तिकीट मिळायचं होतं ना पद. रात्री सायकलवरनं पत्रकं वाटायची आणि पहाटे भोंग्याला हजर व्हायचं, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं.

१९५२ ला मुंबई राज्याच्या विधानसभेच्या ३१५ जागा होत्या. शेकापला १४ आल्या, कामगार किसान पक्षाला २. पुढं १९५४ मध्ये जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परत गेले. वडील त्यावर कधी बोलले नाहीत. १९५७ ला मात्र नाना पाटील साताऱ्यातनं लोकसभेवर गेले, तेही कम्युनिस्ट म्हणून, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मांडवात ही सगळी वेगळी झालेली माणसं परत एकत्र बसली. निकालाच्या दिवशी वडील रडत घरी आले होते. मी तेव्हा सात वर्षांचा, मला वाटलं कुणीतरी गेलं.

वाळवेकर

गुरुजी, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही. आमच्या ढवळीचे एन. डी. पाटील सर १९४८ पासून २०२२ ला जाईपर्यंत शेकाप या एकाच पक्षात राहिले. १९७८ ला सहकारमंत्री झाले, तरी आंदोलनात रस्त्यावर बसायचे. आत राहूनही गरिबाची बाजू घेता येते. तुमचे ते १४ आणि २ एका झेंड्याखाली असते, तर अजून चार जागा आल्या नसत्या कशावरनं?

पलूसचे_गुरुजी

आल्या असत्या, हे मी नाकारत नाही. एन. डी. सरांच्या सभा मीही ऐकल्यात, तसा माणूस जिथं असेल तिथं थांबावंसंच वाटेल. पण १९५२ ला आमच्या गावात तसं कुणी नव्हतं. वडिलांपुढं जे होतं, त्यावरनंच त्यांना ठरवावं लागलं.

कुंडलचा_नातू

काल रात्री गुरुजींचं सगळं आज्जीला मोठ्यानं वाचून दाखवलं. लेव्हीचं आलं तिथं तिनं मान हलवली. सायकलचं आलं तसा तिनं माझा हात धरला. थोरले आज्जा शेकापमध्येच राहिले आणि आमचे आज्जा पावती फाडून आले, त्या रात्री दोघं भाऊ अंगणात भांडले. सोप्यात मधोमध जी भिंत आहे, ती त्या दिवाळीच्या आधी घातलेली. आम्हाला आजवर वाटायचं, वाटणी जमिनीवरनं झाली.

ती भिंत परवा पाडायची होती. गवंड्याला सध्या थांबायला सांगितलंय.