मदत हवी आहे: पांडाच्या प्रोजेक्टसाठी मुंबईतला प्राणी कुठला घेऊ?

लेकीला, पाचवीत आहे, शाळेत वन्यजीव संरक्षणाचं प्रतीक म्हणून पांडावर चार्ट करायचाय, उद्याच द्यायचाय आणि मला आज रात्री कळतंय 🙈 डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव वाचवणाऱ्या जागतिक संस्थेचा लोगो 1961 चा, लंडनच्या झूमधल्या ची-ची पांडावरून सुचला, काळापांढरा म्हणून छपाईही स्वस्त, आणि 2016 मध्ये आययूसीएनने (कुठला प्राणी किती धोक्यात आहे ते ठरवणारी जागतिक संस्था) पांडाला 'धोक्यात'मधून 'असुरक्षित'मध्ये आणलं, एवढं झालंय. डोळ्याभोवतीचं काळं स्केचपेनने रंगवताना कागद फाटला ते वेगळंच.

आता बाईंना शेवटी आपल्याकडचा 'पांडा' पण हवाय. मी म्हटलं बोरिवली नॅशनल पार्कातला बिबट्या, तर सासूबाई म्हणतात त्याला लोक घाबरतात, शेकरू घे, राज्यप्राणी आहे. पण शेकरू मुंबईत कुठे दिसतो? फ्लेमिंगो चालेल का, ठाणे खाडीतले? पटकन सांगा ना कोणीतरी.