‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ मराठीत कसा लिहायचा? (गरोदर बायकांच्या माहितीपत्रकासाठी)

मांडवीकर
इथे बडोद्यातल्या एका प्रसूतिगृहासाठी गरोदर बायकांना द्यायचं माहितीपत्रक मराठीत करतेय. गुजराती प्रत झालीय, मराठी माझ्याकडे आहे. एका वाक्याशी गाडी अडलीय. आशय असा: शरीरात मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स, म्हणजे इतर रेणूंवर चटकन क्रिया करणारे कण) फार झाली आणि त्यांना आवरणारी द्रव्यं कमी पडली, की पेशींना इजा होते. ही अवस्था आणि ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत होणारं बाळंतपण यांचा संबंध अभ्यासांत दिसून आलाय.
परिभाषेला धरून मी ‘ऑक्सिडीकारक ताण’ लिहिलं. कच्ची प्रत ओळखीतल्या एकीला वाचायला दिली, तर तिच्या सासूबाई म्हणाल्या, “बघ, मी सांगत होते ना, टेन्शन घेऊ नकोस म्हणून. आता तर छापूनच आलंय.” ती काही बोलली नाही. तिचं पहिलं मूल आठव्यात झालेलं.
‘ताण’ म्हटलं की मनाचाच ताण, आणि खापर बाईच्या डोक्यावर. खाली धूर, तंबाखू, मधुमेह, जंतुसंसर्ग अशी सगळी कारणं दिलीत, पण तिथवर कोण वाचतंय? ‘ताण’ टाळून काय लिहू?

कलाभवनी
आम्ही अभियांत्रिकीवाले या ‘स्ट्रेस’ला प्रतिबल म्हणतो. ताण म्हणजे दोरी ओढल्यावर येतो तो, संस्कृत ‘तन्’ धातूवरून. ‘ऑक्सिडीकारक प्रतिबल’ लिहा. मनाचा प्रश्नच मिटला.

रावपुरा
प्रश्न मिटला आणि वाचकही मिटला! प्रतिबल वाचून कोणती बाई पुढचं वाक्य वाचेल?

शब्दवेडा
रावपुरा, न रुळलेला शब्द अवघडच वाटतो. वापरलाच नाही तर रुळणार कसा? आपण बडोद्याची माणसं हे बोलतो याचं वाईट वाटतं. सयाजीरावांनी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ काढला, एकेका इंग्रजी शब्दाला मराठी, गुजराती, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द देऊन. त्या काळी कुणी ‘लोकांना कळणार नाही’ म्हणून हात टेकले असते तर?

रावपुरा
तो राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश आहे. कारकुनाला शब्द शिकायला पगार मिळायचा. तपासणीच्या रांगेत पाय सुजवून बसलेल्या बाईला कोण देणार?

दांडियाबाजार
सरळ ‘गंज’ का म्हणू नये? लोखंड गंजतं तेही ऑक्सिडीभवनच. ‘पेशींना गंज चढतो’ म्हटलं की दहावी न झालेल्यालाही कळेल.

रात्रपाळी
मी बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर आहे. काका, उपमा समजायला सोपी आहे हे खरं, पण पोटुशीला ‘तुझ्या आत गंज चढतोय’ असं मी तोंडाने म्हणणार नाही आणि कागदावर तर नाहीच. ताणाने दोष मनावर गेला, गंजाने शरीरावर जाईल. ओढून न्यायचाय तो कारणांकडे.
शिवाय थोडं ऑक्सिडीभवन गरोदरपणात होतंच. वार (प्लासेंटा) म्हणजे दिवसरात्र राबणारा अवयव, तिच्या पेशी सतत ऊर्जा तयार करतात आणि त्यात मुक्त मूलकं निघतातच. शरीर ती आवरतं. धूर, तंबाखू, संसर्ग, न सांभाळलेली साखर यांनी तोल बिघडला की ती वरचढ होतात, सूज वाढते, गर्भाभोवतीचा पडदा कमकुवत होऊ शकतो आणि पाणमोट वेळेआधी फुटते. शब्द शोधायचा तर ‘तोल’ हा धरून शोधा.

मांडवीकर
ताई, हे फार उपयोगी पडलं. मग असं लिहू का: ‘धूर, तंबाखू, जंतुसंसर्ग, वाढलेली साखर यांमुळे शरीरातला ऑक्सिडीभवनाचा तोल बिघडतो.’ कारणं आधी, अवस्था मागाहून.

शब्दवेडा
वाक्य बरं आहे, पण ही व्याख्या झाली. पारिभाषिक संज्ञा एकच आणि ठाम हवी. उद्या दुसरं कुणी ‘असमतोल’ लिहील, तिसरं ‘बिघाड’.

रावपुरा
लिहू देत की. बाईला संज्ञेची परीक्षा द्यायची नाही.

सुरसागर
दुसऱ्या शब्दाकडे कुणाचंच लक्ष नाही. ‘अकाली प्रसूती’ तर लिहिली नाहीत ना? अकाली म्हटलं की पुढे निधनच आठवतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या कागदावर ते वाचून आई देवापाशी जाऊन बसली होती.

मांडवीकर
‘मुदतपूर्व’ लिहिलंय.

शब्दवेडा
मुदत अरबी आहे. ‘पूर्वकालिक’ चालेल.

दांडियाबाजार
मुदत ठेवी मोडताना आठवत नाही का अरबी? आमच्या घरात ‘अपुऱ्या दिवसांचं’ म्हणायचे. नंतर गुजराती शेजारामुळे ‘अधुऱ्या महिन्याचं’ झालं. आजी शेवटपर्यंत ‘सातमाशी’ म्हणायची. माझे वडील सातमाशी. त्यांना कापसात गुंडाळून ठेवलं होतं. आजी सांगायची, सातमाशी जगतं, अठमाशी जगत नाही.

रात्रपाळी
काका, ती शेवटची समजूत कृपा करून पुढे सांगू नका. आठव्यात कळा सुरू झाल्या की घरचे आधीच आशा सोडतात, हे मी वॉर्डात बघते. पोटात जितके आठवडे जास्त, तितकं बाळ सावरण्याची शक्यता जास्त. ३४ आठवड्यांचं बाळ ३० च्या बाळापेक्षा साधारणपणे बऱ्या स्थितीत असतं. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मली, त्यातली ३० लाखांवर आपल्या देशात. ही काही एखाददुसऱ्या घरची गोष्ट नाही. ‘अपुऱ्या दिवसांचं’ हा शब्द मला मात्र आवडला, त्यात कुणावर ठपका नाही.

सुरसागर
मग पत्रकात उपायही लिहा. मुक्त मूलकांना आवरणारी द्रव्यं म्हणजे क आणि ई जीवनसत्त्वंच ना? गोळ्या सुरू करायच्या.

रात्रपाळी
नको. तर्क बरोबर वाटतो, पण तपासल्यावर तो टिकला नाही. पूर्वआकडीचा (प्रीएक्लॅम्प्सिया, गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा विकार) धोका असलेल्या २,४०० च्या आसपास ब्रिटिश बायकांना या दोन्हींचे मोठे डोस देऊन किंवा न देऊन पाहिलं. निष्कर्ष २००६ मध्ये आले. पूर्वआकडी टळली नाही, उलट गोळ्या घेणाऱ्यांत कमी वजनाची बाळं जास्त निघाली. आवळा, पेरू, पालेभाजी जरूर खावी. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे घ्याव्यात. बाकी गोळ्या मनाने नकोत. खरा उपाय चुलीचा धूर आणि तंबाखू टाळण्यात आहे. २००४ साली मुंबईतल्या बायकांचा अभ्यास आला, न ओढता वापरायच्या तंबाखूचा. मशेरी वगैरे लावणाऱ्यांची बाळं सरासरी शंभरेक ग्रॅमने हलकी निघाली आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणंही त्यांच्यात जास्त होती.

रावपुरा
पत्रकात ‘तंबाखू’ एवढंच असेल तर मशेरीवाली म्हणेल, मी कुठे तंबाखू खाते? दात घासते. इकडच्या बायका छींकणी, म्हणजे तपकीर, दातांना लावतात. दोन्ही शब्द नावानिशी घाला.

मांडवीकर
घालते. आणि ‘पाणमोट’ ठेवू ना? गुजराती प्रत करणाऱ्यांना तो शब्द अडला होता.

शब्दवेडा
ठेवाच, अस्सल शब्द आहे. मोट म्हणजे विहिरीवरची, चामड्याची. पाण्याने भरलेली, वर आली की रिकामी होणारी.

दांडियाबाजार
नाही पटत. ‘मोट बांधणे’ म्हणतो तेव्हा मोट म्हणजे गाठोडं. पाणमोट म्हणजे पाण्याचं गाठोडं. विहिरीच्या मोटेला तळाशी सोंड असते, ती मोकळी झाली की पाणी थारोळ्यात पडतं. मोट फुटत नाही. पाणमोट फुटते. क्रियापद बघा.

शब्दवेडा
जुनी झाली की फुटायचीच, चांभाराकडे जायची. गुजरातीत तिला कोस म्हणतात. तिथे गाठोड्याचा अर्थ नाही आणि ‘पाणकोस’ही कधी ऐकला नाही.

कलाभवनी
कोस नाही म्हणून गाठोडं सिद्ध होतं, की विहीर? कुणाकडे जुना कोश असेल तर ‘मोट’ची पूर्ण नोंद टाका, लिंगासकट.

दांडियाबाजार
माझ्याकडचा माळ्यावर आहे. रविवारी मुलगा येतो, त्याला काढायला सांगतो.