आईला ड्राय एएमडी आहे, चष्म्याने भागत नाही, मदत कुठे मिळेल?

सोलापुरी_चटणी:
नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची, मोतीबिंदूची ऑपरेशनं कधीच झालीत, आता दोन्ही डोळ्यांत ड्राय एएमडी (वयामुळे पडद्याचा मधला भाग झिजण्याचा आजार) निघालंय. डॉक्टर म्हणाले पडदा झिजलाय, नंबर बदलून उपयोग नाही, गोळ्या चालू ठेवा, झालं, पाच मिनिटांत बाहेर. समोर बसलेल्याचा चेहरा तिला ओळखू येत नाही पण फरशीवर सांडलेला शेंगदाणा बरोब्बर दिसतो, त्यामुळे बाबा तोंडावर म्हणतात की नाटकं करतेस. हरिपाठ बंद, पेपर बंद, परवा आमटीत मिठाऐवजी साखर पडली तेव्हापासून स्वयंपाकघरात पाय ठेवत नाहीये. कुणाच्या घरी आहे का असं?

भिंगवाली:
दादा, मी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्मा-भिंगं देणारी) आहे, आधी बाबांना हे वाचून दाखवा. मॅक्युला म्हणजे पडद्याचा अगदी मधला भाग. बारीक अक्षर, चेहरे हे त्याचं काम आणि तोच गेलाय, कडेचा पडदा शाबूत आहे म्हणून शेंगदाणा दिसतो. यात नाटक कसलं!

तुम्हाला लो व्हिजन क्लिनिक (चष्म्याने न भागणाऱ्या कमी नजरेसाठीचं) लागेल, नेहमीच्या ओपीडीत ते होत नाही, वेगळी वेळ घ्या. सोलापूरहून पुण्याला महंमदवाडीचं देसाई हॉस्पिटल, नाहीतर हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद. तिथे वेगवेगळी भिंगं हातात देऊन वाचायला लावतात. दुकानातून उगाच भलं मोठं भिंग आणू नका, पॉवर जितकी जास्त तितकं भिंग लहान आणि कागद तितका जवळ. हात थरथरत असेल तर स्टँडचं, एलईडीवालं बरं. जवळ धरून वाचल्याने डोळे आणखी बिघडत नाहीत हेही आईंना सांगा. शिवाय नजर थोडी बाजूला ठेवून कडेच्या पडद्याने वाचायला शिकवतात, सुरुवातीला वैताग येतो पण जमतं.

आणि घरी चौकटींचा ॲम्सलर चार्ट लावा, एकेक डोळा झाकून बघायचं. रेघा अचानक वाकड्या दिसल्या तर लगेच डॉक्टर गाठा, ड्रायचं वेट (पडद्याखाली पाणी-रक्त झिरपणारं) होऊ शकतं आणि त्याला इंजेक्शन असतं, तिथे उशीर नको.

वैद्यबुवा:
रोज सकाळी डोळ्यात एरंडेल टाका, चष्मा सुटेल.

भिंगवाली:
अजिबात टाकू नका.

रातकिडा:
मला आरपी (रेटिनायटिस पिगमेंटोसा, पडद्याचा आजार) आहे, तुमच्या आईच्या उलटं, मधलं दिसतं आणि कडेचं गेलंय, तरी घरातल्या युक्त्या सांगतो. स्टीलचं ताट बंद करा, ते चमकतं. भात गडद ताटात, आमटी पांढऱ्या वाटीत. मिठाच्या डब्याला जाड रबरबँड, साखरेच्या डब्याला काही नाही, आणि ज्याने डबा उचलला त्याने तो जागेवरच ठेवायचा (आमच्याकडे यावरूनच सगळी भांडणं होतात). गॅसच्या बटणावर बंदच्या खुणेला नेलपॉलिशचा जाड ठिपका. दिवा डोक्यावर नको, खांद्यामागून पानावर पडेल असा.

फोनमध्ये मॅग्निफिकेशन चालू करा आणि काळ्यावर पांढरी अक्षरं ठेवा, हरिपाठाचा फोटो काढून मोठा करून वाचता येईल. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं २०२० सालचं 'मनी' (MANI) ॲप आहे, नेट लागत नाही. तसं शंभरच्या नोटेच्या कडेला चार आणि पाचशेच्या पाच उंचवट्याच्या तिरक्या रेघा असतात पण नोट मळकी झाली की बोटाला काही कळत नाही.

माई_कोथरूड:
एक विचारू का, आईंना नसलेलं काही दिसतं का हो? माझ्या सासूबाईंना भिंतीवर वेलबुट्टी दिसायची, कुणालाच सांगत नव्हत्या.

सोलापुरी_चटणी:
माई काटाच आला अंगावर. ती म्हणते संध्याकाळी कोपऱ्यात फ्रॉकमधल्या मुली उभ्या असतात, बोलत नाहीत. आत्या तर उतारा काढायला निघालेली.

भिंगवाली:
चार्ल्स बॉने सिंड्रोम असावा, नजर कमी झालेल्या बऱ्याच जणांना होतो. डोळ्याकडून चित्र कमी पोचलं की मेंदू स्वतःच भरतो. ही वेडाची लक्षणं नाहीत. आवाज न येणं आणि हे खरं नाही हे त्यांना स्वतःला कळणं, यावरून बऱ्यापैकी ओळखता येतं. तरी डॉक्टरांच्या कानावर घालाच, इतर कारणं तपासावी लागतात. तेव्हा दिवा लावून नजर इकडेतिकडे फिरवायला सांगा, बऱ्याचदा ती चित्रं जातात.

रातकिडा:
आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज टाका, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. चष्मा लावूनची नजर आणि दोन्हींतला बरा डोळा धरतात, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त भरलं तर इन्कम टॅक्समध्ये सवलत मिळू शकते. जुने रिपोर्ट फायलीत तारखेप्रमाणे लावून न्या, झेरॉक्स तिथल्या गर्दीत काढत बसू नका.

सोलापुरी_चटणी:
पुण्याला फोन लावतोय उद्या. बाबांना पहिला रिप्लाय वाचून दाखवला, काही बोलले नाहीत, पण रबरबँड शोधतायत.