हळदीकुंकवाला कोणता मराठी सिनेमा लावू?

गच्चीवरची_काकू:
यंदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला डाळ-पन्हं झालं की सोसायटीच्या गच्चीत पडदा बांधून एक मराठी सिनेमा दाखवायचं ठरलंय. निवड माझ्या गळ्यात पडलीये. बायका साधारण चाळीस, वय बारापासून ब्याऐंशीपर्यंत. ब्याऐंशीच्या म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांचं एकच पालुपद, 'माहेरची साडी' लाव. लेक म्हणते, ते लावलंस तर मी वर येणारच नाही.

१९९१ साली तो आला तेव्हा मी नववीत होते. आईबरोबर गेले आणि हुंदके देऊन रडले. आता मात्र अलका कुबलला एवढं सोसताना बघितलं की वाटतं, अगं बाई, ऊठ आणि चालायला लाग! पण जुना सिनेमा म्हटला की सोशिक सून आणि नवा म्हटला की 'सैराट'मधली बुलेटवरची आर्ची, एवढंच आहे का मधे? रडकं नको, भाषणंही नकोत. सुचवा.

भिशीवाली:
'बाईपण भारी देवा'. विषय संपला. २०२३ ला आमची अख्खी भिशी नऊवारी नेसून, गॉगल लावून गेली होती. इंटरव्हलला थिएटरातच फुगड्या!

जुनी_रिळं:
काकू, उलटं करा. सगळ्यात जुना लावा. 'कुंकू', १९३७, प्रभात फिल्म कंपनीचा, दिग्दर्शक शांतारामबापू. मामानं फसवून काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा म्हणते, हे लग्न मी मानत नाही. आणि शेवटपर्यंत मानत नाही! तिच्याच वयाचा सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा छडीनं फोडून काढते. नीराचं काम करणाऱ्या शांता आपटेचे ते डोळे बघा. ही बाई पडद्याबाहेरही तशीच. करारावरून बिनसलं तेव्हा प्रभातच्याच फाटकात उपोषणाला बसली होती.

त्यात काकासाहेबांच्या मुलीचं काम केलंय शकुंतला परांजप्यांनी, म्हणजे सई परांजप्यांच्या आई. संततिनियमनाचा प्रचार करणारी बाई, त्या काळात! पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकत राहा. म्हणजे सोशिक सून आधी आणि बंडखोर नंतर, असा क्रम लावता येत नाही. १९३७ ला छडी, १९८२ ला 'उंबरठा'तली स्मिता पाटील नोकरीसाठी घर सोडते, आणि त्यानंतर नऊ वर्षांनी आपण 'माहेरची साडी' हाऊसफुल्ल करतो.

ट्रॉलीतली:
'माहेरची साडी'ला नावं ठेवणाऱ्यांनो, थोडं थांबा. आमच्या वाडीतल्या तीसेक बायका तो बघायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याला गेल्या होत्या. माझी आजी त्या दिवशी पहिल्यांदा थिएटरची पायरी चढली. येताना अंधारात, ट्रॉलीत, आईनं तिच्या सासूच्या तोंडावर सासूबद्दल बोलायला सुरुवात केली. आजी गप्प ऐकत होती. मी मधे बसलेले, सात वर्षांची. असं घरात कधी झालं नव्हतं. सोशिक बाई पडद्यावर होती, ट्रॉलीत नव्हती.

गच्चीवरची_काकू:
ट्रॉलीतली, तुमचं वाचून गप्प झाले.

'कुंकू' काल घरी लावून बघितला. बी विंगमधल्या एकीचं म्हणणं, शेवटी नवरा जीव देतो, हळदीकुंकवाला असलं अभद्र कशाला? मलाही धाकधूक होतीच. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून सासूबाई त्या दिवशी आतल्या खोलीत बसतात. मंडळानं यंदा सगळ्यांना कुंकू लावायचं ठरवलंय, पण त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत.

तर त्या डाळीसाठी कैरी किसत बसल्या होत्या, नजर टीव्हीकडे नाहीच. छडीचा प्रसंग आला आणि किसणीवरचा हात थांबला. म्हणाल्या, "अजून दोन हाणायला हव्या होत्या मेल्याला." लेकीनं कानातले इअरफोन काढले आणि विचारलं, "आजी, कोणाला?" मग दोघींनी तेवढा भाग मागे नेऊन परत बघितला.

रात्री झोपताना म्हणाल्या, "गच्चीत मला खुर्ची ठेव, खाली बसवत नाही."

तेव्हा 'कुंकू' नक्की. आता एकच सांगा, पडद्याला डबलबेडची पांढरी चादर चालेल ना? वाऱ्यानं फडफडू नये म्हणून खाली काय बांधता तुम्ही?

जुनी_रिळं:
चालेल, पण इस्त्री करा, सुरकुत्या शांता आपटेच्या चेहऱ्यावर पडतात. खालच्या काठात वेळू ओवा.