'फिलिपी रेसेस'ला मराठीत काय म्हणावं?

दुरेघी

एका भाषांतरात चार दिवस एकाच शब्दापाशी अडून बसले आहे, म्हणून इथे विचारते.

विषय अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा, त्यातही अगदी सुरुवातीचा. ३ जून १८६१, फिलिपी नावाचं छोटं गाव. तेव्हा ते व्हर्जिनियात होतं, आज वेस्ट व्हर्जिनियात आहे. फोर्ट समटरवर तोफा सुरू झाल्या त्या एप्रिलात, आणि बुल रनची मोठी लढाई जुलैत. फिलिपी या दोन्हींच्या मध्ये सापडली आणि विसरली गेली. खरं तर दोन्ही बाजूंच्या फौजांची जमिनीवरची पहिली लढाई म्हणून तिचंच नाव घेतात.

घडलं ते असं. दक्षिणेच्या बाजूने कर्नल पोर्टरफील्डच्या हाताखाली सुमारे ८०० नवशिके लोक. त्याआधी ते ग्राफ्टनला होते, तिथून हटून फिलिपीला आले. ग्राफ्टन म्हणजे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचं जंक्शन, आणि ती रेल्वे उत्तरेला हातची जाऊ द्यायची नव्हती. मॅक्लेलनच्या फौजेतले सुमारे ३००० शिपाई दोन तुकड्या करून रात्रभर पावसात चालत आले. असल्या पावसात कोण येतंय, म्हणून छावणीचे पहारे ढिले पडले होते. पहाटे टेकडीवरून तोफा सुटल्या आणि अख्खी छावणी उठून पळाली. काही जण झोपेच्या कपड्यांतच. उत्तरेचा एकही माणूस मेला नाही. तिकडच्या वर्तमानपत्रांनी या सगळ्याला नाव दिलं 'फिलिपी रेसेस'.

मी 'फिलिपीच्या शर्यती' असं लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'फिलिपीची पळापळ' केलं. माझ्या शब्दात चेष्टा पोचत नाही, त्यांच्या शब्दात नाव राहत नाही, नुसतं वर्णन उरतं. काय करावं?

जुना वाचक

यासाठी मराठीत तयार शब्दयोजना आहे: पळती भुई थोडी. सरळ 'फिलिपीची पळती भुई' म्हणा. आणखी शोधायची गरजच नाही.

शब्दमुंगी

'पळता भुई थोडी' आहे ते, 'पळती' नव्हे. पळता म्हणजे पळताना. पळायला जमीन अपुरी पडली, असा अर्थ. भुई पळत नाही, माणूस पळतो. 'पळती भुई' असं मथळ्यांत छापून येतं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

आता 'शर्यत'. मूळ अरबी शर्त, म्हणजे अट. मराठीत शर्यत या शब्दाला अट, पैज आणि धावण्याची चढाओढ असे तिन्ही अर्थ आहेत. त्यामुळे 'फिलिपीच्या शर्यती' वाचून एखाद्याला तहाच्या अटी वाटतील. 'रेस' ठेवा. रेस म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे घोडेच येतात, आणि त्या वर्तमानपत्रांना नेमकं तेच सुचवायचं होतं.

जुना वाचक

माझी आजी 'पळती भुई' म्हणायची. शाळेत न गेलेल्या माणसांची मराठी ही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा जुनी असते. तिच्या तोंडी भुईच पायाखालून पळायची आणि कमी पडायची. मला तर हे चित्र तुमच्यापेक्षा सरस वाटतं.

तिसरा प्रहर

मूळ प्रश्नाआधी एक दुरुस्ती. 'यादवी युद्ध' म्हणजे पिवळा पीतांबर. यादवी या शब्दातच युद्ध आहे. नुसतं 'अमेरिकेतली यादवी' लिहा.

आणि माझ्या मते तेही लिहू नये. यादवी हा शब्द आला मौसलपर्वातून. प्रभासला यादव दारू प्यायले, जुन्या गोष्टींवरून एकमेकांना टाकून बोलले, आणि हाताला येईल ते एरका गवत उपटून एकमेकांना मारत सुटले. त्या गवताचं मुसळ झालं, म्हणून पर्वाचं नाव मौसल. थोडक्यात, कारण क्षुल्लक, डोकं ताळ्यावर नाही, आणि शेवटी कुळाचा नाश. अमेरिकेतलं युद्ध असं होतं का? तिथे माणसांना गुलाम म्हणून विकत घ्यायचं की नाही हा प्रश्न होता. त्याला यादवी म्हटलं की दोन्ही बाजू सारख्याच बेभान ठरतात. 'गृहयुद्ध' म्हणा. निदान त्या शब्दात दारू नाही.

वाळवण

गृहयुद्ध हा शब्द मला कायम हिंदी बातम्यांतून आल्यासारखा वाटतो. शिवाय गृह म्हणजे घर. सासू-सुनेच्या भांडणालाही तो चालेल.

गंमत म्हणजे मराठीला 'सिव्हिल'साठी एक शब्द कधीच पुरला नाही. कोर्ट असेल तर दिवाणी. कारभार असेल तर मुलकी. हक्क असतील तर नागरी. कायदेभंग असेल तर सविनय. इंजिनिअरिंग असेल तर स्थापत्य. आणि युद्ध असेल तर यादवी. सहा ठिकाणी सहा शब्द, आणि प्रत्येक ठिकाणी चपखल. ज्यांनी हे शब्द बसवले त्यांनी मूळ शब्द न बघता गोष्ट बघितली. 'यादवी'त आज कुणालाही दारू आठवत नाही. आठवतात ती एकाच घरातली माणसं. शब्दाचा अर्थ मुळातून काढायचा की वापरातून? मी वापरातून काढते.

तिसरा प्रहर

वापर म्हणाल तर वापरात 'भाऊबंदकी'सुद्धा आहे. मग तेच का लिहू नये?

वाळवण

कारण भाऊबंदकी बांधावरून होते आणि वर्षानुवर्षं कोर्टात चालते. तिला तोफा लागत नाहीत.

आणि फिलिपीपुरतं बोलायचं तर 'यादवी' अक्षरशः खरा आहे. उत्तरेच्या एका तुकडीचा प्रमुख कर्नल केली. त्याच्या पलटणीचं नाव काय होतं? पहिली व्हर्जिनिया. पलीकडे पोर्टरफील्डची माणसंही व्हर्जिनियाचीच. म्हणजे व्हर्जिनियावाले व्हर्जिनियावाल्यांवर चालून आले, ते व्हर्जिनियातल्याच एका गावात. पुढे २० जून १८६३ ला त्या राज्याची फाळणी होऊन वेस्ट व्हर्जिनिया वेगळं झालं. कुळ फुटलंच की.

कोरा कागद

नावावरून भांडण अमेरिकेतही आहेच. उत्तरेच्या सरकारी दफ्तरात ते 'बंड' होतं. दक्षिणेतल्या बऱ्याच लोकांना 'राज्याराज्यांमधलं युद्ध' हे नाव हवं होतं. बंड म्हटलं की एक बाजू गुन्हेगार, राज्याराज्यांमधलं म्हटलं की दोघं बरोबरीचे आणि गुलामगिरी नावातून गायब. १८५७ ला बंड म्हणावं, उठाव म्हणावं की स्वातंत्र्यसमर, हा वाद आपल्याला नवा नाही.

दुरेघी, एक बारीक गोष्ट. उच्चार 'फिलिपी' असाच ठेवलात ते बरं केलंत. मॅसिडोनियातल्या ज्या फिलिपीला इ.स.पू. ४२ मध्ये ब्रूटस आणि कॅशियस हरले, तिचं नाव इंग्रजीत शेवटी 'पाय' असं ऐकू येतं. वेस्ट व्हर्जिनियातल्या गावाचं तसं नाही. ते नाव फिलिप बार्बर या न्यायाधीशावरून आलं, आणि गाव ज्या काउंटीत आहे तीही बार्बर. तरी योगायोग बघा, दोन्ही फिलिपी लक्षात राहिल्या त्या यादवीतल्या लढायांमुळे.

शब्दमुंगी

तुम्ही सगळे 'लढाई' म्हणता आहात, त्यालाच माझी हरकत आहे. एक बाजू पळाली आणि दुसरीचं कुणी मेलं नाही, ती लढाई कसली? ती चकमक. किंवा त्याहून नेमकं, छापा.

चकमक हा शब्द तर इथे दोन्ही अर्थांनी बसतो. मूळ तुर्की. तिकडे सिगारेट पेटवायच्या लायटरला आजही चाकमाक म्हणतात. आपल्याकडे आधी तो गारगोटीवर पोलाद घासून ठिणगी पाडायचा दगड होता, मग ठिणग्या उडाव्यात तशी थोडक्यात आटपलेली मारामारी. पोर्टरफील्डच्या माणसांकडच्या बंदुका जुन्यापुराण्या होत्या. त्या काळी जुनी बंदूक म्हणजे ठासणीची, गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी. रात्रभर पाऊस. दारू ओली झाली की ठिणगी पडूनही बार निघत नाही.

तिसरा प्रहर

ज्याने पाय गमावला त्याला विचारा ती चकमक होती का.

दुरेघी

तिसरा प्रहर यांनी त्या मुलाचा विषय काढला, तर तेही सांगते, कारण पुढचा परिच्छेद त्याच्यावरच आहे आणि तोही मला नीट जमलेला नाही.

जेम्स हँगर, वय १८, कॉलेजचा विद्यार्थी. फौजेत येऊन दोन दिवसही झाले नव्हते. तोफेचा आवाज ऐकून तो घोडा घ्यायला तबेल्यात धावला, आणि आपटून उसळलेला गोळा त्याच्या पायावर आला. पाय कापला तो उत्तरेच्या सोळाव्या ओहायो पलटणीच्या डॉक्टरने. या युद्धात पाय कापावा लागलेला तो पहिला माणूस मानतात. सुटून घरी गेल्यावर तो खोलीत कोंडून बसला आणि घरच्यांकडून पिंपाच्या फळ्या मागवत राहिला. घरचे समजले, मन रमवतोय. काही महिन्यांनी तो स्वतः बनवलेल्या पायावर जिना उतरून खाली आला. त्याने काढलेली कंपनी आजही कृत्रिम हातपाय बनवते.

माझं वाक्य असं आहे: 'बाकीच्यांनी काढता पाय घेतला, हँगरच्या पायाचं विच्छेदन करावं लागलं.'

उंबरठा

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे, पण हे वाक्य वाचून राहवलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय गेलेल्या माणसांना कृत्रिम पायावर उभं करणं हे माझं रोजचं काम.

'विच्छेदन' हा शब्द फक्त कागदावर असतो. वॉर्डात तो ऐकला की नातेवाइकांना शवविच्छेदन आठवतं, चेहरा पडतो. पेशंट म्हणतात, 'पाय काढला.' सगळे हेच म्हणतात. मुळाशी जे उरतं त्याला डॉक्टरांपासून मावश्यांपर्यंत सगळे 'स्टंप' म्हणतात, दुसरा शब्द मी ऐकलेला नाही. मागे एक आजोबा होते, पहिल्यांदा कठड्यांच्या मध्ये उभे राहिले. दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरलेले, खाली बघायची हिंमत नव्हती. मला म्हणाले, 'बाई, काढलेल्या पायाचा अंगठा खाजतोय, त्याला काय करू?' असं होतं, पुष्कळांना होतं. मी त्यांना दुसऱ्या पायाचा अंगठा चोळायला सांगितलं.

तर 'पाय काढला' लिहा. पण मग त्याच वाक्यात 'काढता पाय घेतला' चालणार नाही. एकाने पाय काढला म्हणजे तो निसटला, दुसऱ्याचा पाय काढला म्हणजे तो उरला नाही. वाचणाऱ्याला शब्दांचा खेळ वाटेल, आणि त्या मुलाच्या बाबतीत तो खेळ मला बघवत नाही.

'पळता भुई थोडी' बद्दलही तेच वाटतं. आपण हसून वापरतो तो वाक्प्रचार.

दुरेघी

उंबरठा, मनापासून आभार. 'काढता पाय' आत्ताच खोडला. तो मला चपखल वाटला होता, म्हणजे मी नुसतं शब्दाकडे बघत होते.

जुना वाचक

पण ते नावच मुळी हसण्यासाठी ठेवलेलं आहे! जिंकलेल्यांनी हरलेल्यांची केलेली टवाळी. ती टवाळी भाषांतरात सौम्य केलीत तर वर्तमानपत्रांचा क्रूरपणा झाकला जाईल. परिच्छेद हळवा असू द्या, नाव बोचरंच हवं. पळती भुई.

शब्दमुंगी

पळता.

वाळवण

जुना वाचक यांचा मुद्दा मला पटतो, शब्द नाही. नाव अवतरणात ठेवलं आणि ते कुणाच्या तोंडचं हे त्याच वाक्यात सांगितलं, तर हसणारे वेगळे आणि सांगणारी वेगळी राहील. 'दाणादाण' बघा बरं. सूप उलटल्यावर दाणे चहूकडे उडावेत तसं. त्यात घाबरगुंडी आहे, पण चेष्टा थोडी कमी.

कोरा कागद

मला इशाऱ्याच्या बाराविषयी विचारायचं होतं. हल्ला पिस्तुलाच्या बाराने सुरू व्हायचा होता. पण मॅटिल्डा हम्फ्रीज नावाच्या बाईने छावणीला सावध करायला आपल्या मुलाला घोड्यावर पाठवलं, उत्तरेच्या शिपायांनी त्याला धरलं, आणि तिने त्यांच्यावर पिस्तूल झाडलं. नेम चुकला, पण गोलंदाजांना वाटलं हाच इशारा. तोफा ठरल्या वेळेआधीच सुटल्या, आणि घेरायला निघालेली तुकडी अजून जागेवर पोचायची होती. म्हणून एवढे लोक निसटू शकले, असं सांगतात. याला 'इशारतीचा बार' म्हणता येईल का? विशाळगडच्या तोफांमुळे 'इशारत' शब्द मराठी कानाला लगेच ओळखू येतो.

तिसरा प्रहर

म्हणूनच नको. इशारतीची तोफ म्हटली की बाजीप्रभू आठवणार. एका आईने पोरासाठी केलेल्या आकांताला तो संदर्भ चिकटवू नका. 'इशाऱ्याचा बार' पुरे.

दुरेघी

'इशाऱ्याचा बार' घेते. 'रेसेस'चं अजून ठरत नाही. तोवर आणखी एक: गावातला तो नदीवरचा पूल, १८५२ चा, लाकडी, वर छप्पर असलेला. मी 'छपरी पूल' लिहिलंय.

उंबरठा

माझी मुलगी दहावीत आहे. तिच्या पिढीत 'छपरी' ही शिवी आहे. 'छपराचा पूल' करा.

जुना वाचक

पोरांनी बिघडवला म्हणून चांगला शब्द सोडायचा?

वाळवण

त्यांनी बिघडवला नाही, वापरला. आणि दुरेघी, हँगरच्या गोष्टीतलं 'पिंप' तसंच ठेवा, 'पीप' किंवा 'काष्ठपात्र' नको. पोर्तुगीज पीपावरून आलेला शब्द आहे, घमेलं आणि बादलीसारखा. पिंपाची फळी मुळातच वाकवलेली असते, मांडीच्या गोलाईला लागते तशी. त्याने सरळ फळी न मागता तीच का मागितली, ते या एका शब्दात कळतं.

शब्दमुंगी

घमेलं मान्य. बादली पोर्तुगीज कशावरून?